एकाच खणात दोघं

प्रेमाला आजवर कुणी अडवू शकलेलं नाही. राजे थकले, पंचायती थकल्या, समुद्रसुद्धा बाजूला झाले. बोरी गावात मात्र त्याला मोबाइलची रेंज लागते, आणि ती गावाबाहेर मेंढ्यांच्या वाड्यापाशीच येते.

प्रियांका लॅपटॉप घेऊन तिथं पोचली, तर दगडावर एक जण आधीच बसलेला. मांडीवर लॅपटॉप आणि त्याची वायर चघळणारं कोकरू.

“ओ मेंढीवाले, जरा सरकता का? इंटरव्ह्यूचा अभ्यास करायचाय.”

“मेंढीवाला माझा बाप. मी बॅकएंडवाला, सॉफ्टवेअरमधला,” तो म्हणाला. “मल्हार. नऊ वर्षं अनुभव. सध्या कंपनीनं घरी धाडलंय.”

प्रियांकालाही धाडलं होतं. वडील आश्रुबा रोज जेवताना प्रेमानं विचारत, “बाई, कधी निघायलीस?”

“इतकी वर्षं कोड लिहिला, अन् आता इंटरव्ह्यूत हीप, हॅशमॅप असल्या माहिती रचायच्या पुस्तकी पद्धती विचारायलेत,” ती फणकारली. “कामात कधी लागला का तुमाला?”

“पाहायला आले की पोरीला पुरणपोळी विचारतात. पुढं रोज पिठलंच असतं.”

ती हसली. त्यानं चटकन वर पाहिलं... आणि तितक्याच चटकन स्क्रीनवर नजर टाकली. स्क्रीन बंद होती.

मग रोज दोघं एकमेकांची परीक्षा घेऊ लागले. हरभऱ्यावरून गार वारा यायचा. संध्याकाळी कळप परतला की कोकरं सुटायची, आणि प्रत्येक मेंढी वास घेत नेमकी आपल्या पिलापाशी थांबायची.

“हा हॅशमॅप,” मल्हार म्हणे. “माहिती खणाखणात ठेवायची. वास ही किल्ली. सगळा कळप धुंडाळायचा न्हाई, थेट आपला खण.”

“आणि हीप?”

त्यानं आईकडे, कासाबाईकडे बोट केलं. “सगळ्यात अशक्त कोकरू ती आधी पाजणार. बाकीच्यांचा क्रम तिला ठाऊक न्हाई. ते पाजून झालं की पुढचं अशक्त वर येतं.”

“लय हुशार दिसता की!”

“मी कुठं? मी तर बेरोजगार.”

रविवारी तिनं सहज विचारलं, “उद्या कुठल्या कंपनीत हाय तुमचा इंटरव्ह्यू?”

त्यानं नाव सांगितलं. तिचंही तेच होतं. जागा एकच होती. वारा तेवढाच गार होता, पण दोघांनाही एकदम घरी काम आठवलं.

सोमवारी दुपारी तिचा इंटरव्ह्यू झाला. हीपच विचारला, तिनं न अडखळता सांगितला. संध्याकाळी मल्हारची पाळी. नेमका तेव्हाच कळप परतला आणि कोकरं धरायला कासाबाई एकटीच. एवढ्या गोंगाटात त्याचं काय ऐकू येणार? प्रियांका घरी जाऊ शकली असती. तिनं ओढणी खोचली आणि हाताला लागलं ते कोकरू समोरच्या मेंढीला लावलं.

“पोरी, तिचं न्हाई ते!” कासाबाई ओरडली.

मेंढीनं हुंगलं आणि धडक दिली. प्रियांका चिखलातून घसरत थेट मल्हारच्या कॅमेऱ्यात येऊन बसली.

पलीकडून इंग्रजीत विचारणा झाली. मल्हार गंभीरपणे म्हणाला, “आमच्याकडं टेस्टिंग चालू आहे.”

शुक्रवारी प्रियांकाला नोकरी लागली. ती धावत वाड्यापाशी मल्हारसमोर आली.

“माझ्यामुळं गेली तुमची नोकरी.”

“न्हाई हो. त्यांनी विचारलं, हॅशमॅपच्या एकाच खणात दोघं आले तर काय करायचं? मी म्हणालो, दोघांना तिथंच ठेवायचं. एकाला दुसऱ्याशी जोडून.”

“बरोबर तर हाय!”

“त्यांनी दुसरा उपाय विचारला. एकाला उचलून शेजारच्या रिकाम्या खणात धाडायचा. येत होता मला... पण बाजूला तुमी चिखलात बसला होता. एकाला धाडायचं, हे तोंडातूनच निघंना.”

प्रियांकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नोकरी घरूनच करायची होती, हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं... खाली पाहत, हळू.

“म्हणजे... इथंच?” मल्हारनं विचारलं.

“इथंच. अन् तुमाला पुढच्या इंटरव्ह्यूला मीच बसवणार. धाडायचं उत्तर पाठ करून घेणार. म्हणायचं तेवढं... करायचं न्हाई.”

तो एक पाऊल पुढं आला. तीही. डोळ्यांत डोळे घालून ती कुजबुजली—

“माझ्या मानेवर काहीतरी चालायलंय. गोचीड हाय का, बघा जरा.”