एका चित्रापुरता लाल मफलर

त्या चित्राचं एक टोक माझ्या चिमटीत होतं आणि दुसरं त्याच्या.

"मी आधी धरलं," मी म्हणाले.

"हो... पण मी आधी पाहिलं."

नाकानोच्या बाजारातलं, दुसऱ्या मजल्यावरचं ते दुकान म्हणजे एक बोळच होतं. खोक्यांत ॲनिमेची वापरून झालेली चित्रं रचलेली — कचकड्याच्या पारदर्शक तावांवर रंगवलेली. चित्रीकरण झालं की स्टुडिओला त्यांचा उपयोग नसायचा. गठ्ठेच्या गठ्ठे इथे यायचे. या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. मी बावीसची होते, आणि ते एकच चित्र हुडकायला आले होते. फाडून टाकायला.

"भांडू नका," दुकानाचे मालक होसाका आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले. "दगड-कागद-कात्री करा. जिंकेल त्याचं चित्र."

दगड — दगड. पुन्हा दगड — दगड. तिसऱ्यांदा मी चिडून कात्री काढली, तर त्याची मूठ तशीच!

"माफ करा हं," तो कानापर्यंत लाल झाला. "घाबरलो की माझी बोटंच उघडत नाहीत. मला दगडच येतो."

जिंकून इतका ओशाळलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढ्या ढिगात हेच का हवंय तुम्हाला?"

"दीपगृहातल्या मुलीची मालिका बघता? शेवटी ती होडीतून निघते, मागे वळून बघते... तिचा मफलर निळा आहे. पण मी टेप थांबवून थांबवून पाहिलंय. वळताना एका चित्रापुरता तो लाल होतो. फक्त एका! मित्र म्हणतात, चूक आहे."

"आणि तुम्ही?"

"मला वाटतं... जाऊ नये असं तिच्या मनात येऊन गेलं. क्षणभरच. आणि रंगवणाऱ्याला ते दिसलं."

"काही दिसलं नाही! दिवसातलं चाळिसावं चित्र होतं, डोळ्यांवर झोप होती. शेजारची बाटली उचलली, झालं."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी हात पुढे केला. नखांच्या कडांना अजून रंग होता.

"म्हणजे... तुम्ही?" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की होसाका आजोबांचा चहा सांडला.

मग मी सगळं सांगून टाकलं. त्या चुकीवरून स्टुडिओतल्या आमच्या मुख्य बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "डोळे घरी ठेवून येतेस का, ओनोदेरा?" त्याच दिवशी मी काम सोडलं. रविवारचं आकिताचं तिकीट पर्समध्ये होतं. गावी आईनं स्थळ बघून ठेवलं होतं. कुंचल्याला पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

त्यानं चित्र माझ्या हातात ठेवलं. "घ्या, फाडा. पण त्याआधी... कसं रंगवलंत ते दाखवाल?"

मी ताव उलटा करून ट्यूबलाइटसमोर धरला. आम्ही रंग मागून भरायचो. समोरून सगळं सपाट, गुळगुळीत. मागे मात्र कुंचल्याचा फटकारा न् फटकारा दिसतो. माझा हात कुठे थांबला, कुठे वळला, सगळं. तो इतका जवळ वाकला की त्याच्या श्वासानं ताव धुरकटला.

"फाडा ना," तो हळूच म्हणाला.

"फाडते."

फाडवलं नाही.

"मग माझ्याकडे राहू दे. रविवारी येऊन घेऊन जा."

"रविवारी माझी गाडी आहे."

"हो... म्हणूनच."

"भलतेच धीट आहात की!"

"कसला धीट? हे बघा." त्याची मूठ गच्च आवळलेली होती.

रविवारी मी बॅग घेऊन गेले. शुन्साकू — नाव एव्हाना कळलं होतं — दुकानासमोर उभा होता, चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून. आत होसाका आजोबा एकच खोकं पुन्हा पुन्हा पुसत होते.

"एक डाव," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात तर चित्र तुमचं, आणि स्टेशनापर्यंत बॅग मी उचलतो. मी जिंकलो तर... राहा. रंगवा. आणि पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चहा प्या."

"एवढं सगळं एका डावात?"

"आठवडाभर एवढंच सुचलं हो."

तो काय काढणार, हे मला ठाऊक होतं. कागद दाखवला की सुटले. गाडी, गाव, आईनं पाहिलेलं स्थळ... पाच बोटं सरळ करायला कितीसा वेळ लागतो?

मी दोनच केली.

तो आपल्या मुठीकडे बघतच राहिला. "मी... जिंकलो?"

"जिंकलात."

"अगं पोरी," होसाका आजोबा आतून ओरडले, "तो दगडच काढतो हे आंधळ्यालाही कळलं असतं!"

"कळलं होतं, आजोबा."

सोमवारी मी मुख्य बाईंपुढे वाकून उभी राहिले. "बाटलीवरचा आकडा वाचत जा," एवढंच म्हणून त्यांनी कुंचला पुढे केला.

ते चित्र आज आमच्याच घरी आहे. कचकडं जुनं झालं. गुंडाळी उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. मफलर मात्र लालच. आणि रोज जेवणानंतर भांडी कुणी घासायची, यावर डाव होतो. तो अजून दगडच काढतो.

मी आता कागद काढते.