बिघडतच नाही मेलं!

टोमॅटोचं औषध घ्यायला म्हणून गोरख बोरी बुद्रुकहून नारायणगावच्या बी-औषधांच्या दुकानात शिरला, अन् नेमका बिलाचा कॉम्प्युटर बंद पडला. औषध राहिलं बाजूला, गडी काउंटरच्या आत जाऊन दुरुस्तीलाच बसला! काउंटर सांभाळणाऱ्या हर्षाच्या वडिलांची, हस्तीमलशेठची, तीन दुकानं — हे, जुन्नरचं अन् मंचरचं. तिन्हीकडचे कॉम्प्युटर आळीपाळीनं रुसायचे, की गोरख हजर. शेठ त्याला 'गोरखभाऊ' म्हणायचे. हर्षा मात्र ते 'भाऊ' मोठ्या शिताफीनं गिळायची.

मग त्यानं भलतंच करून ठेवलं.

"ही एकच फाईल," तो म्हणाला. "कॉम्प्युटर कसा पायजे, ते हितं लिवलंय. प्रिंटर, मराठी कीबोर्ड, समदं. तिन्ही मशीन ही वाचून तशीच व्हत्यात. कुणी काय बी बिघडवू द्या, बंद करून चालू केलं की पुन्हा जशीच्या तशी."

"म्हणजे... तुम्हाला बोलवायलाच नको?"

"न्हाई ना!" केवढा खूश होता मेला!

श्रावण सरत आला. सरी येत होत्या, जात होत्या... गोरख काही येत नव्हता. हर्षाचं कशात म्हणून लक्ष लागेना. वांग्याचं बी मागणाऱ्याला तिनं काकडीचं दिलं. मोटारसायकल वाजली की मान दाराकडे — अन् दर वेळी दुसराच कुणीतरी!

शेवटी तिनं कॉम्प्युटरमधून प्रिंटरच काढून टाकला. मशीन बंद करून चालू केलं, तर प्रिंटर हजर. मराठी कीबोर्ड उडवला. तोही हजर! आता मात्र तिला रडूच आलं. तिनं सरळ फोन लावला.

"काय बिघडलं?"

"काहीच बिघडत नाही!" ती कडाडली. "असं कुणी करून ठेवतं का?"

पलीकडून फोनच कट.

पुढ्यातला चहा निवायच्या आत तो भिजून चिंब, काउंटरसमोर उभा.

"दुरुस्तीला यायचो, तर नजर मशीनवरच ठेवावी लागायची," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, एकदा तरी बिनकामाचं यावं... तुमच्यासाठी. म्हणून केलं ते. पण मग हिंमतच व्हईना. रोज हितल्या स्टँडपर्यंत येऊन माघारी जात व्हतो. आजबी तिथंच व्हतो. लई आवडता तुमी मला."

हर्षाचे कान तापले. तेवढ्यात आतून शेठ ओरडले, "कोण आलंय गं? मशीन बंद पडलं का?"

गोरखनं घाबरून प्रिंटरची वायरच उपसायला घेतली. हर्षानं ती त्याच्या हातातून सोडवली.

"मशीन चांगलं चालू आहे, पप्पा," ती खणखणीत म्हणाली. "गोरख मला भेटायला आलेत. बाहेर या, आम्हाला तुमच्याशी बोलायचंय."