न्याहारीला थांबलेला लाल बावटा

लाल बावटा कधीही खोटं बोलत नाही.

हे वचन तायडीच्या बाबांचं. बाबा एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि लाल रंग दिसला की ते जागच्या जागी थांबत. एकदा बिघडलेल्या सिग्नलपाशी त्यांनी पाऊण तास गाडी उभी ठेवली होती. मागच्या लोकांनी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी नाद सोडला. आईने तेवढ्या वेळात स्वेटरची एक बाही विणून संपवली.

तेव्हा पाच दिवसांच्या सुट्टीसाठी सगळे समुद्रकाठच्या हॉटेलात आले आणि वाळूत लाल बावटा फडकताना दिसला, तिथेच विषय संपला.

"पाण्यात कोणी जायचं नाही!" बाबा म्हणाले.

"पण बाबा, समुद्र बघा ना! बशीतल्या दुधासारखा पडलाय!" तायडी म्हणाली. ती बारा वर्षांची होती आणि महिनाभर या समुद्राची वाट पाहत होती.

"बावटा बघ. समुद्र बघू नकोस."

"मामा, बावट्याला कसं कळतं?" हा शंकासुर. तायडीचा आत्तेभाऊ, वय अकरा. त्याचं खरं नाव शाळेतले मास्तरही विसरले होते.

"जीवरक्षकाला कळतं. त्याचं कामच ते."

"मग जीवरक्षक कुठाय?"

पाण्याजवळ एक उंच खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती. बाबांनी बावट्याकडे बघितलं, खुर्चीकडे नाही.

बावटा रोज सकाळी साडेसातला चढायचा तो संध्याकाळी सहाला उतरायचा. सहानंतर सकाळपर्यंत पाण्यात जायचं नाही, हा बाबांचा स्वतःचा नियम. म्हणजे समुद्र चोवीस तास बंद! चार वर्षांचा टिल्लू घरी मोरीतल्या बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायला शिकला होता. इथेही तो बादलीतच बुडत होता.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, व्हायचं ते झालं. टिल्लूची निळी बादली लाटेबरोबर निघाली आणि टिल्लू बादलीबरोबर! तायडी धावली. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं तेव्हा तिने त्याला दंडाला धरून ओढलं. ती जीव तोडून ओरडत होती, पण खुर्चीवरून कोणी उतरलं नाही. उतरायला कोणी नव्हतंच.

आणि ओरडा कोणाला बसला? तायडीला!

"लक्ष कुठे होतं तुझं?" आई कडाडली.

"अगं आई, मीच काढला त्याला बाहेर!"

"उलट बोलू नकोस! आता वाळूतसुद्धा जायचं नाही. तिघांनी व्हरांड्यात बसायचं."

हॉटेलचा मॅनेजर मध्येच टपकला. "पालकांनी मुलं सांभाळावीत, ताई. आम्ही बावटा लावलेला आहे," असं गोड आवाजात सांगून तो निघून गेला.

तायडीच्या कानशिलांत रक्त सणसणायला लागलं. "माझं लक्ष कुठे होतं म्हणे! ज्याला लक्ष ठेवायचा पगार मिळतो, त्याचं कुठे होतं? ते कोणी विचारणार की नाही?"

"मी विचारतो," शंकासुर म्हणाला. "मला सवय आहे."

बुधवारी सकाळी तिघं व्हरांड्यात कैद्यांसारखी बसली होती. रोज साडेसातला न्याहारीची घंटा व्हायची. आज स्वयंपाकघरातली शेगडी बिघडली. पावणेआठ झाले. आठ वाजत आले.

"तायडे," शंकासुर हळूच म्हणाला, "बावटा कुठाय?"

काठी रिकामी होती! खुर्चीवर मात्र कोणीतरी बसलं होतं. आठला दोन मिनिटं कमी असताना तो माणूस उतरला, घाईघाईने बावटा चढवला आणि हॉटेलच्या मागच्या दाराकडे पळत सुटला. आठला घंटा झाली.

"रोज साडेसातला धोका, आज आठला धोका!" शंकासुर म्हणाला. "समुद्र न्याहारीसाठी थांबला होता काय?"

"चल जेवणघरात! आणि आज ताटाकडे नाही, वाढप्याकडे बघायचं!"

वाढपी आला तो धापा टाकत. अंगात पांढरा कोट, गळ्यात काळा बो. चेहरा उन्हाने रापून तांब्यासारखा झालेला, पण डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची दोन पांढरी वर्तुळं! तो वळला तेव्हा त्याच्या बुटांतून वाळू सांडली.

"काका, तुम्ही उन्हात फार फिरता का?" शंकासुरने विचारलं.

वाढप्याने घाईघाईने लोण्याची वाटी पुढे केली. "लोणी देऊ?" तो म्हणाला आणि सटकला.

"आत्ताच मामांना सांगू या!" शंकासुर म्हणाला.

"ते म्हणतील, पुरावा दाखव," तायडी म्हणाली. मग एकदम तिचे डोळे चमकले. "आज बुधवार ना? बाबा कारखान्यात दर बुधवारी काय करतात?"

"सराव! कोणालाही न सांगता शिटी मारतात आणि कोण किती वेळात पोचतं ते मोजतात."

"आणि आधी चिठ्ठीवर नोंद करून ठेवतात. नोंद नसेल तर ती खोटी आवई, आणि खोटी आवई हा गुन्हा!"

दुपारी जेवणघर भरलं. बाबांच्या ताटलीखाली तायडीने चिठ्ठी सरकवली. बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली शिटी टिल्लूच्या मुठीत होती. वाढपी सूपच्या आठ वाट्यांचा ट्रे घेऊन मॅनेजरच्या मागून निघाला.

"टिल्लू, फुंक!"

बादलीत कमावलेला दम टिल्लूने एका दमात शिटीत घातला. फुर्रर्रर्र!

ट्रे उडाला! सूप मॅनेजरच्या डोक्यावर! आणि वाढपी? तो खुर्ची ओलांडून, व्हरांड्याच्या कठड्यावरून उडी मारून, वाळू तुडवत कोटासकट थेट समुद्रात! कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो ओरडला, "कोण बुडतंय?"

"कोणी नाही, काका! सराव होता!" तायडी ओरडली.

 बाबांनी ताटलीखालची चिठ्ठी वाचली. 'आज दुपारी सराव. विषय: जीवरक्षक कुठे असतो?' शिटी ऐकल्याबरोबर त्यांचा हात सवयीने घड्याळावर गेलाच होता.

"जेवणघरापासून पाण्यापर्यंत दोन मिनिटं अकरा सेकंद," ते म्हणाले. मग टिल्लूकडे बघून अगदी हळू म्हणाले, "पाण्यात बुडणारं मूल इतका वेळ थांबत नाही."

मॅनेजर रुमालाने कान पुसत म्हणाला, "साहेब, समजून घ्या. दोन वाढपी सोडून गेले. बावटा लावला की कोणी पाण्यात जात नाही. कोणी गेलं नाही तर बुडणार कोण? मग याने नुसतं खुर्चीत बसून काय करायचं?"

"काल माझा भाऊ गेला होता!" तायडी ताडकन उठली. "छातीपर्यंत! चार वर्षांच्या पोराला बावटा वाचता येतो का? आणि वर आईला म्हणालात, मुलं सांभाळा!"

वाढपी निथळत दारात उभा होता. "पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला. "मला रात्री झोप लागत नाही हो. चार वेळा सांगितलं यांना." त्याने बो काढला आणि मॅनेजरच्या डोक्यावरच्या सूपमध्ये ठेवला.

मग बाबा उठले. बाबा चिडले की आवाज चढवत नाहीत, कलमं सांगतात. त्यांनी सतरा कलमं सांगितली. सातव्या कलमाला मॅनेजर खाली बसला. बाराव्याला त्याने लिहून दिलं, की जीवरक्षक यापुढे खुर्ची सोडणार नाही. इतर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा म्हणाले, "अशी मुलं प्रत्येक हॉटेलात हवीत!"

आईने तायडीला जवळ ओढलं. "चुकलं गं माझं. तू होतीस म्हणून हा आहे."

"वाळूत जाऊ?"

"पाण्यातसुद्धा जा! उद्या सकाळी, सगळेच जाऊ."

गुरुवारी सकाळी सहालाच पाचही जण पोहण्याच्या कपड्यांत किनाऱ्यावर हजर झाले. बाबांनी शिटी गळ्यात घातली होती. जीवरक्षक उंच खुर्चीवर ताठ बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याने तायडीला सलाम ठोकला. मग दहा मिनिटं समुद्राकडे निरखून बघितलं, खाली उतरला आणि काठीवर लाल बावटा चढवला.

"काका!" तायडी किंचाळली.

"वारा फिरलाय, बाळ. खालून ओढ आहे. आज खरंच धोका आहे."

तो खरं बोलत होता. शुक्रवारी सकाळी परतीची गाडी होती.