चौथ्या वळणावरची वाफ

"आजोबा, आज गाडी घाट चढली नाही तर एस्नाट जगत नाही."

लिंबानीने रामराम केला नाही की विचारपूस केली नाही. एवढंच बोलला आणि लेम्सन चापोलांच्या दारातच मटकन बसला.

चापोला तीस वर्षं बस डेपोत फोरमन होते. घरी बसल्यावर त्यांनी हात काळे करणं सोडलं होतं, पण बिघडलेल्या गाड्यांचा तपास सोडला नव्हता. हत्यारांची पेटी उचलायला आणि चुकीचे अंदाज बांधायला त्यांच्यासोबत भाचा वायसन असायचा. ही दोन्ही कामं तो मनापासून करी.

"नीट सांग," चापोला म्हणाले.

लिंबानीची बायको एस्नाट हिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रक्त साफ करायचं यंत्र घाटावर ब्लँटायर शहरात होतं, तिथे आठवड्यातून दोनदा जावं लागे. गेल्या तीन खेपांना घाटाच्या चौथ्या वळणावर गाडी उकळली. पहिल्या दोन वेळा मागून आलेल्या मिनीबसने त्यांना वर नेलं. मग सगळ्या भागातलं पेट्रोल संपलं, मिनीबस उभ्या राहिल्या, रुग्णवाहिकाही उभी राहिली आणि शुक्रवारची खेप चुकली.

"आज तीन वाजता पाळी आहे. आणखी एक चुकली तर डॉक्टर म्हणाले..." लिंबानी दाराला धरून उठला.

शुक्रवारी घाटातून वर गेलेली पांढरी वाफ वायसनने गावातून पाहिली होती. सगळ्यांनीच पाहिली होती.

लिंबानीच्या अंगणात एस्नाट भिंतीला टेकून चटईवर बसली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले, श्वास लागलेला. तळहातावर भाजल्याचा सुकलेला डाग होता. शेजारी चहाची शेगडी धगधगत होती. धूर तिच्याकडे जातोय हे पाहून लिंबानीने तारेच्या वेटोळ्याच्या मुठीला धरून शेगडी उचलली आणि लांब नेऊन ठेवली.

"मला चोर माहीत आहे," तो वळून म्हणाला. "हा हॅरिसन! माझा सख्खा भाऊ! याला गाडी विकून मोटरसायकल घ्यायचीय. यानेच रेडिएटरमध्ये काहीतरी घातलंय."

दाराशी उभा असलेला हॅरिसन खाली मान घालून होता. त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास येत होता. वायसनने मामांना कोपराने ढोसलं. "मामा, हाच!"

"तू गप रे. हॅरिसन, गाडी तूही चालवतोस?"

"उसाच्या मळ्यापर्यंत, रोज. एकदाही उकळली नाही, आजोबा."

"कशी चालवतोस?"

"पेट्रोल जपायचं तर कशी चालवणार? बैलगाडीसारखी."

गॅरेजवाला बिझविक बोलवायच्या आधीच येऊन उभा होता. त्याचंही नाव निघालं होतं, तो घामाघूम झाला होता. "रेडिएटर धुतला, पंखा फिरतोय, पाणी गळत नाही, गॅस्केट शाबूत आहे. तासभर चालू ठेवली, उष्णतेचा काटा हलला नाही. आणखी काय करू? माझी पोरं शाळेत जात नाहीत, लोक त्यांना खुन्याची म्हणतात!"

"तासभर चालू ठेवलीस म्हणजे पॅडल दाबून?"

"एवढं पेट्रोल कुठंय? नुसती गुरगुरत ठेवली."

"उकळायला लागायच्या आधी काय बदललं होतं?"

"खालचा पाण्याचा पाईप. जुना फाटला होता. तो लिंबानीदादांनीच घरी काढला, मापाला बाजारात नेला. मी नवा तेवढा बसवला."

चापोला लिंबानीकडे वळले. "घाटात उकळल्यावर बोनेट उघडलंस?"

"तिन्ही वेळा. सगळं जागच्या जागी. अर्ध्या तासाने गाडी शहाण्यासारखी चालू, पण चढ लागला की पुन्हा वाफ."

चापोला गाडीकडे वळले. "वायसन, गाडीत बस. चालू कर, आणि पॅडल दाब. पूर्ण."

इंजिन किंचाळलं. "पेट्रोल!" लिंबानी धावला. "अहो, मोजून वर जाण्यापुरतं आहे!"

"दाबून धर!" चापोला ओरडले. "लिंबानी, तू इकडे बघ. खाली."

लिंबानीने वाकून पाहिलं. नवाकोरा जाड पाईप दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला होता, चिमटीत धरल्यासारखा चपटा.

"आता सोड."

इंजिन शांत झालं, तसा पाईप फुगून गोल झाला. बिझविकने कपाळावर हात मारून घेतला.

"हा चोर बघायला गेलं की सरळ उभा राहतो," चापोला म्हणाले. "पंप याच पाईपमधून पाणी खेचतो. चढावर इंजिन जोर लावतं, पंपही जीव तोडून खेचतो, आणि पाईप मिटतो. पाणी अडलं की इंजिन उकळणारच. तुम्ही घाबरून गाडी बंद करता, ओढ थांबते, पाईप परत गोल. हॅरिसनने काही घातलं असतं तर ते बिझविकने धुताना निघालं असतं. आणि तो हळू चालवतो, म्हणून त्याच्याकडे कधी उकळली नाही. तुम्ही सगळ्यांनी पेट्रोल वाचवायला गाडी गुरगुरत ठेवून तपासली. तपासणार काय, कपाळ?"

"पण जुना पाईप कसा मिटत नव्हता?" वायसनने विचारलं.

"शाबास, पहिला कामाचा प्रश्न. त्याच्या पोटात तारेची स्प्रिंग असते, आधाराला." चापोला हळू आवाजात म्हणाले, "लिंबानी, मघाशी ती धगधगती शेगडी उघड्या हाताने कशी उचललीस रे?"

लिंबानीने शेगडीकडे पाहिलं. मग बायकोच्या तळहाताकडे.

"ती स्प्रिंग पाईप काढताना खाली पडली. आदल्याच दिवशी हिचा हात भाजला होता, म्हणून तिचीच मूठ केली. वाटलं, नव्या पाईपला कशाला लागतेय... मीच? म्हणजे मीच हिला..." तो जमिनीवर डोकं आपटू लागला. हॅरिसननेच त्याला धरलं.

एस्नाट पहिल्यांदा बोलली. "इतके दिवस मी या मुठीचं कौतुक करतेय. रडतोस काय? काढ ती. चहाची शेगडी फडक्याने धरता येते."

बिझविकने मूठ सोडवली, पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला. पाईप काढून त्यात तार सरकवायला वीस मिनिटं लागली. पुन्हा पॅडल दाबलं. पाईप जागचा हलला नाही.

पण लिंबानी काट्याकडे बघत होता, पेट्रोलच्या. "आता वर पोहोचत नाही, आजोबा. तपासातच गेलं."

"हॅरिसन," चापोला म्हणाले, "तुझ्या शर्टाचा वास कधीपासून येतोय मला. कॅन कुठंय?"

हॅरिसन घरामागे गेला आणि पाच लिटरचा कॅन घेऊन आला. "ऊसवाल्या ट्रकवाल्याने दिलं. येत्या शुक्रवारच्या खेपेला ठेवलं होतं, वहिनीसाठी." त्याने भावाकडे पाहिलं नाही. "दादा कुणाकडे बोलला असता तर काळ्या बाजारवाल्यांनी घेरलं असतं."

लिंबानीने त्याचे दोन्ही हात धरले.

दुपारी सव्वा वाजता लिंबानीने एस्नाटला बसवून गाडी काढली. बाकीचे अंगणात उभे राहून घाटाकडे बघत राहिले. उन्हात चमकणारा पांढरा ठिपका पहिल्या वळणावर दिसला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्या वळणाआड तो गेला.

वायसनने वाफेची वाट पाहिली. बिझविक तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होता.

ठिपका पाचव्या वळणावर निघाला आणि वर चढत राहिला.

हॅरिसन शेगडीपाशी बसला. मूठ नव्हती. खांद्यावरचं फडकं त्याने कडेला गुंडाळलं आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला.