बंद पानावरची ओळ

हितेंद्र गावडे गिरगावातल्या ऑफिसात शिरला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मला फक्त नाव हवंय," तो खाजगी गुप्तहेर मृणालिनी दिघेंना म्हणाला. "पुढचं माझी पोरं बघतील."

दिघेबाईंचे मदतनीस गंगाधर, बँकेतून निवृत्त झालेले, त्या आवाजानेच दचकले.

शिवडीच्या एका गोदामाला आग लागून आत कोंडलेले कामगार जळाले होते. हितेंद्रने टोपणनावाने वेबसाइट काढून मालकाची पापं उघडी केली. मालकाने कोर्टातून साइट ब्लॉक करून घेतली, तरी लोक व्हीपीएन टाकून, म्हणजे परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून, ती वाचतच होते. लिहितो कोण, तेवढं मालकाला कळेना. परवा मात्र त्याच्या माणसांनी हितेंद्रला गाठलं, हात मोडला आणि वर, कुणीतरी मालकाला पुरवलेला एक स्क्रीनशॉट त्यालाच धाडला. त्याच आठवड्यात लिहिलेला, अजून प्रसिद्ध न झालेला लेख होता तो, त्याच्या खऱ्या नावासकट. फुकटच्या साइटवर असते तशी खाली जाहिरात होती, परळमधल्या साड्यांच्या सेलची.

त्या पानाचा पासवर्ड आणखी तिघांकडे होता: मित्र धम्मपाल, सोबत लिहिणारी प्राची आणि मोठी बहीण शेवंती. हितेंद्रला संशय प्राचीचा होता. ताईला यातून वगळा, असं त्याने बजावलं.

धम्मपालचं परळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. लेख लिहिला तो सगळा आठवडा तो गावी होता, कालच परतला होता. व्हीपीएन सगळ्यांना त्यानेच बसवून दिलं होतं, हॉलंडचं. त्यामुळे जाहिरातीसुद्धा डच भाषेत येतात, असं तो हसत सांगत होता. फक्त हितेंद्रच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना, म्हणून त्याने हितेंद्रच्या घरच्या वायफायचा डीएनएस, म्हणजे साइटच्या पत्त्यांची यादी, बदलून दिला होता. नेट कंपनीच्या यादीतून साइटचा पत्ता खोडलेला असतो, ही दुसरी यादी तो पत्ता देते. तिथे साइट सरळ उघडते.

"आणि बंदी आल्यावर वाचक तिप्पट झाले," तो म्हणाला.

दादरला प्राचीने हितेंद्रशी झालेलं भांडण लपवलं नाही. गोदामाच्या चौकीदाराने दार बाहेरून बंद केलं, असं हितेंद्रने नावानिशी लिहिलं होतं. चौकीदार म्हणजे शेवंतीचा नवरा, कुशाबा. सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही, म्हणून खरं नाव ठाऊक असलेल्या त्याच्या पोरांनी हितेंद्रला डोक्यावर घेतलं. पुढे एका कामगाराने सांगितलं की कुलपाचा हुकूम मालकाचा होता, चावीही त्याच्याचकडे होती. प्राचीने ती ओळ बदलायला सांगितली. ब्लॉक झालेली साइट आता कोण वाचतंय, म्हणून त्याने टाळलं. तेव्हापासून तिने त्याच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

लालबागला हितेंद्रच्या खोलीत शेवंतीने चहा दिला. भिंतीवर कुशाबाच्या फोटोला हार होता. चाळीने तोंड फिरवल्यावर त्याने शिवडीच्या खाडीत जीव दिला होता. तेव्हापासून ती भावाकडेच राहत होती.

दुसऱ्या दिवशी दिघेबाईंनी हितेंद्रला त्याच खोलीत बसवलं. त्याची पोरं जिन्यात थांबली होती. प्राचीच असणार, असं गंगाधरांनी हळूच सुचवलं.

"प्राचीने हॉलंडवरून पान उघडलं असतं तर जाहिरात डच आली असती," बाई म्हणाल्या. "धम्मपालचंही तेच. परळच्या साड्या दिसल्या, म्हणजे पान इथूनच सरळ उघडलं. बंदी असताना ते या घरच्या वायफायवरच शक्य होतं. लेख त्याच आठवड्यातला. तेव्हा धम्मपाल गावी, प्राची इथे येत नाही. मग घरात राहिलं कोण?"

हितेंद्र बहिणीकडे वळला.

"मीच पाठवला," शेवंती शांतपणे म्हणाली. "ह्यांना लोकांनी खुनी म्हटलं ते तुझ्या ओळीमुळे. खरं कळल्यावरही ठेवलीस. बंद साइट कोण वाचतंय म्हणालास ना? सगळी चाळ वाचत होती रे."

"ताई, त्या मालकाला? त्याच्यामुळेच तर…"

"त्याचीही पाळी येईल. आधी घरचा."

जिन्यातून एकाने हाक मारली, वर येऊ का म्हणून. हितेंद्रने डाव्या हाताने दार लावून घेतलं.

शेवंतीने लॅपटॉप उघडून त्याच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर तीच ओळ होती.

"बदल आता. उजवाच मोडा, असं मी त्यांना मुद्दाम सांगितलं होतं. डावा धड लागणार होता तुला, ह्यांचं नाव खोडायला."