वीज पडलेल्या झाडाच्या शेळ्या

लोरेनाची मान डावीकडे वळायला लागली तेव्हा तिचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल शेळीच्या पोटाला पांढरा रंग देत होता. लाकडी शेळी. कॉटनवुडची, वीतभर उंच, शिंगं काळी, हनुवटीला खऱ्या केसांचा झुपका. शिपरॉकच्या बाजारात पर्यटक अशा शेळ्या हातोहात नेत.

"अवघडली असेल ताई."

"अवघडली तर दुखते रे. ही दुखत नाही. नुसती वळते."

दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, मान वळतच राहिली. त्यांच्या होगानचं, लाकूड-मातीच्या गोल घराचं, दार पूर्वेला; अमेरिकेतल्या सगळ्या नावाहो आदिवासींचं असतं. लोरेना सकाळी दारात बसायची, उन्हाकडे तोंड करून. आता अंग उन्हाकडे आणि तोंड उत्तरेला. आणि त्यांच्यात उत्तरेला तर मेलेली माणसं जातात. ऑर्व्हिल तिच्या उजव्या हाताला बसू लागला. तिथे तिची नजर पोचत नव्हती.

कारण शेळ्यांचं लाकूड कुठलं, हे त्याला ठाऊक होतं. ओढ्याकाठचं झाड वीज पडून उभं फाटलं होतं, त्याचं. हलकं, खडखडीत वाळलेलं, सुरीखाली लोण्यासारखं. वीज पडलेल्या झाडाला हात लावू नये, हे नावाहोच्या पोराला अंगावरचं दूध सुटायच्या आत कळतं. ऑर्व्हिललाही कळत होतं. पण चांगल्या लाकडासाठी नदीपर्यंत तंगडतोड कोण करणार? आळस होता तो. त्याला दुसरं नाव नाही.

फळीवरच्या शेळ्या तो दाराकडे तोंड करून ठेवी. सकाळी त्या उत्तरेकडे बघत असत. उंदरांचा उद्योग असेल, म्हणून त्याने पायांत खिळे ठोकले.

दुसऱ्या दिवशी खिळे जागच्या जागी होते. शेळ्यांच्या माना वळल्या होत्या.

त्याने त्या घाईघाईने विकून टाकल्या.

शेवटी लोरेनाने बर्निसमावशीला बोलावलं. आजाराचं मूळ मावशी हाताने शोधते. डोळे मिटते, हात थरथरू लागतो, आणि सापडेल तिथे थांबतो. त्या दुपारी तो कोपऱ्यातल्या ढलप्यांवर थांबला.

"हे लाकूड कुठलं?"

"नदीत वाहून आलेलं."

"माझ्याशी खोटं बोललास तर माझं काही जात नाही, बाळा. हिची मान जाते."

"सांगितलं ना मावशी. नदीतलं."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. उन्हाने लाल झालेली एक गोरी बाई टॉवेलात काहीतरी गुंडाळून दारात आली. बाजारात विचारत विचारत घर शोधलं म्हणाली. टॉवेलात शेळी होती.

"पैसे नकोत मला. एवढी ठेवून घ्या. कशीही ठेवली तरी उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करते. तुम्हीच सांगितलं होतंत ना, वीज पडलेल्या झाडाची आहे, तुमच्यातली म्हातारी माणसं घाबरतात म्हणून? किती हसलो होतो आपण."

गाडी गेली. धूळ खाली बसली. चुलीवर मटण रटरटत होतं.

"त्यांना सांगितलंस," लोरेना म्हणाली. "मला नाही."

मावशीने शाल उचलली. "विकलेल्या सगळ्या शेळ्या परत आणून त्या झाडापाशी ठेव. मगच मंत्र गाऊन आजार उतरवणाऱ्याला बोलवता येईल. कोणी कोणी नेल्या?"

ऑर्व्हिलला एकही नाव माहीत नव्हतं. आपल्याच म्हाताऱ्यांना हसत त्याने माल खपवला होता. गिऱ्हाइकाचं नाव कोण विचारतं?

मावशी गेल्यावर तो दारात आला. पहिल्यांदाच बहिणीच्या डाव्या हाताला बसला, तिच्या नजरेसमोर. शेळी मांडीवर घेतली, तिचं तोंड पूर्वेकडे वळवलं आणि घट्ट धरून ठेवलं. तळव्याखाली लाकूड हळूहळू फिरत होतं. त्याने जोर लावला.

लाकूड थांबलं.

"ताई," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोल."

तो तिच्याकडे वळायला गेला.

त्याची मान दुखली नाही. नुसती वळली. उत्तरेला.