वर आलेला थर

चिंचोटीच्या अलीकडच्या त्या जुन्या तलावावर सुमेध गाळाचा नमुना घ्यायला आला, तेव्हा ऊन उतरलं होतं. काम नेहमीचंच. होडीतून लांब पारदर्शक नळी तळात रुतवायची, अलगद वर ओढायची, दोन्ही टोकांना बुचं मारायची आणि उभीच ठेवायची. आडवी झाली की थर मोडले, सगळी मेहनत फुकट.

आपल्या आजोबांच्या काळात दूर कुठेतरी अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्यांची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर इथेही उतरली. ती चिकणमातीला अशी बिलगते की सुटता सुटत नाही. मातीसोबत तळाला बसते, वर दर पावसाळ्यात नवा गाळ साचतो आणि ती हातभर खोल गाडली जाते. तलाव कुठलाही असो, हेच. गेल्या महिन्यात मात्र, याच काठाजवळच्या नमुन्यात, ती धूळ अगदी वरच्या थरात निघाली होती. कुणीतरी तळ खालून उकरला असावा तशी.

तीन वर्षांपूर्वी सुमेधची बायको, स्वप्ना, इथेच पाय घसरून पाण्यात पडली. ती सापडलीच नाही. उद्या तिच्या आई, सरोजिनीबाई, दर्भाचा पुतळा करून तिचे अंत्यसंस्कार उरकून घेणार होत्या. सुमेधने कसाबसा होकार दिला होता.

"नथूकाका, इथे म्हशी उतरतात का हो?" त्याने होडीवाल्याला विचारलं.

"नाय साहेब. या बाजूचं पानी कोन ढवळत नाय... लवकर आटपा."

नमुना निघाल्यावर नथू घरी गेला. काठावरच्या खोलीत सुमेध नळीसमोर बसून राहिला. बोळिंजच्या फ्लॅटवर तरी कोण वाट बघत होतं? गाळ खाली बसला, वरचं पाणी नितळ झालं.

"स्वप्ना, उद्या तुला निरोप देतोय गं," तो हळूच म्हणाला.

नळीतला गाळ उसळला. कुणी हातही लावला नव्हता. खोलीभर कुजट चिखलाचा वास पसरला.

त्याची बोबडी वळली. "नको...? बरं... नाही देत..."

पाणी पुन्हा निवळू लागलं. त्याने सरोजिनीबाईंना फोन लावला.

"आई, उद्याचं राहू दे. ती... गेलेली नाही."

"असं काय बोलतोस रे सुमेध? तीन वर्षं झाली..."

त्याने फोन ठेवला. अंगाला दरदरून घाम फुटला होता, आणि तरीही कितीतरी दिवसांनी त्याला एकटं वाटत नव्हतं.

पाणी आता स्वच्छ होतं. पण गाळ बराच वर चढून आला होता. वरच्या बुचाखाली जेमतेम चार बोटं पाणी उरलं होतं. बूच दाबून बसवायला सुमेधने हात नेला, आणि त्याचीच बोटं ते सैल करू लागली.